रमाबाई रानडे : नित्याच्या अभ्यासातून घडलेली वाणी

नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाचे नाव आज महाराष्ट्राबाहेरही आदराने घेतले जाते. पाणलोटाची कामे, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान यांच्या बळावर तेथील दुष्काळी शिवाराचे रूप पालटले, ही गोष्ट आमच्या बहुतेक सभासद कुटुंबांना ठाऊक आहे. परंतु त्या गावाची आम्हांस विशेष मोलाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. पाऊस किती झाला, भूमीत पाणी किती मुरले, याचा ताळेबंद तेथे ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि तो पाहून कोणती पिके घ्यावयाची याचा विचार होतो. म्हणजे शिवारातले पाणी अखेरीस माणसांच्या बोलण्यातून वाटले जाते. चारचौघांत उभे राहून आपले म्हणणे नीट मांडणे आणि दुसऱ्याचे शांतपणे ऐकून घेणे, ही तेथे केवळ शोभेची विद्या नाही. घरच्या भाकरीशी तिचा संबंध आहे. जो गप्प बसतो, त्याच्या वतीने दुसरेच कोणीतरी बोलून जातात.

हा विचार मनात आला की आम्हांस आमच्या ज्ञातीचे वार्षिक मेळावे आठवतात. तेथे भाषणे करणारे तेच ते चारपाच गृहस्थ असतात. तरुण मंडळी मागच्या रांगांत उभी राहतात आणि भगिनीवर्गाकडे हळदीकुंकू व आभाराची दोन वाक्ये एवढेच येते. कारण विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते, की बोलण्याची कला उपजत असावी लागते आणि ती आपल्यापाशी नाही. ही समजूत किती चुकीची आहे, हे दाखविणारे एक चरित्र आम्ही यंदाच्या स्मरणिकेत सादर करीत आहोत. ते आहे कै. रमाबाई रानडे यांचे.

रमाबाईंचा जन्म 1862 साली, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलीला अक्षरओळख करून देण्याचा प्रश्नच नव्हता. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानड्यांची प्रथम पत्नी नुकतीच निवर्तली होती आणि त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषाने स्वतः मात्र वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एका बालिकेशी लग्न केले, म्हणून सुधारकांनी त्यांस बोल लावला आणि तो बोल अगदीच अस्थानी होता असे आम्ही म्हणणार नाही. पण जे घडले त्याचे प्रायश्चित्त म्हणावे अशा निष्ठेने त्यांनी त्या मुलीच्या शिक्षणाचा भार उचलला, हेही तितकेच खरे आहे.

आरंभ पाटीवरच्या मुळाक्षरांपासून झाला. दिवसा न्यायालयाचे काम आणि पुण्यातील सार्वजनिक उद्योग यांतून रानड्यांना उसंत मिळत नसे. म्हणून शिक्षणाची वेळ रात्रीची. अक्षरांवरून शब्द, शब्दांवरून पुस्तके, पुस्तकांवरून वर्तमानपत्रे असा क्रम चालला. यांत विलक्षण असे काहीच नव्हते. विलक्षण होते ते एवढेच, की तो क्रम खंडला नाही. 1878 साली रानड्यांची बदली नाशिकला आणि पुढे धुळ्याला झाली. तेथे इंग्रजीचे धडे सुरू झाले. पुढे रानड्यांच्या अधू दृष्टीला साहाय्य म्हणून मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम रमाबाईंकडे आले. नित्य मोठ्याने वाचण्याने उच्चार स्वच्छ झाले, वाक्याचा श्वास कळू लागला आणि आपला स्वर आपल्याच कानाला परका वाटेनासा झाला. वक्त्याची पहिली तालीम सभेत होत नाही, ती अशी घरातच होते, असे आम्हांस वाटते.

मात्र ही तालीम त्यांस सुखाने करू दिली गेली नाही. पुण्याचे घर मोठे होते आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांना सुनेचे वाचणे मुळीच रुचत नव्हते. मिस हरफर्ड नावाच्या बाई इंग्रजी शिकविण्यास घरी येऊ लागल्या, तेव्हा परकीय बाईचा स्पर्श झाला म्हणून शिकवणीनंतर रमाबाईंना स्नान करावे लागे. टोमणे, अबोला, कामातून वगळणे हे तर नित्याचेच होते. येथे रमाबाईंचे जे वर्तन झाले ते आम्हांस त्यांच्या पुढील सर्व भाषणांहून अधिक बोधप्रद वाटते. त्यांनी उलट उत्तरे दिली नाहीत. आणि अभ्यासही सोडला नाही. बोलावयाचे केव्हा आणि मौन धरावयाचे केव्हा, याचे शिक्षण त्यांस त्या स्वयंपाकघरात मिळाले. त्यासाठी किती अश्रू गिळावे लागले, याची नोंद त्यांच्या आठवणींत आढळते. बायकांनीच बाईला छळावे याचे आज कोणास नवल वाटेल. पण त्या बायकांनाही कधी कोणी शिकविले नव्हते, हे विसरून चालणार नाही.

या अभ्यासाची पहिली मोठी कसोटी पुण्याच्या हिराबागेत झाली. मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून रानडे, डॉक्टर भांडारकर आदी मंडळी खटपट करीत होती. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर भरलेल्या सभेत ही मागणी इंग्रजीतून वाचून दाखविण्याचे काम रमाबाईंवर सोपविण्यात आले. ज्या मुलीला दहाबारा वर्षांपूर्वी स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, ती आता परक्या भाषेत, परक्या राज्याच्या अधिकाऱ्यापुढे आणि गावच्या प्रतिष्ठितांपुढे उभी राहिली. मजकूर रानड्यांनी तयार करून दिला होता. पण त्यास कंठ देण्याचे धैर्य त्यांचे त्यांनाच करावे लागले. त्या रात्री घरी परतल्यावर कौतुकाऐवजी बोलणी ऐकावी लागली. परंतु 29 सप्टेंबर 1884 रोजी पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. हुजूरपागा या नावाने ओळखली जाणारी ती शाळा आजही उभी आहे.

नगर जिल्ह्याच्या वाचकांस जवळचा वाटेल असा एक भाग येथे सांगितला पाहिजे. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. त्या दंग्यांच्या मुळाशी कर्ज तर होतेच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट होती. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नसताना आणि विचारण्याचे धाडसही होत नसताना आपल्या पूर्वजांनी त्या कागदांवर निशाण्या केल्या होत्या. ज्याला वाचता येत नाही व विचारता येत नाही, त्याची जमीन कशी जाते, हे या जिल्ह्याने भोगले आहे. त्यानंतर 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू होता आणि त्याच्या अंमलबजावणीचे काम पुढे रानड्यांकडे आले. त्यासाठी त्यांस गावोगाव फिरावे लागे आणि या दौऱ्यांत रमाबाई अनेकदा त्यांच्यासमवेत असत. मुक्कामाच्या गावी मुलींची शाळा असेल तर ती पाहावी, बायकांस भेटावे, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलावे, असा त्यांचा परिपाठ पडला. हिराबागेत त्या दरबारी इंग्रजी बोलल्या; दौऱ्यांत त्या खेड्यातील बाईशी साधे बोलावयास शिकल्या. आमच्या मते दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे.

1886 साली रानड्यांचा मुक्काम सरकारी कामासाठी कलकत्त्यास होता. तेथील एक हकीकत मोठी गोड आहे. रानड्यांनी बंगालीची पुस्तके विकत आणली आणि हजामतीस येणाऱ्या न्हाव्यालाच अडलेल्या शब्दांचा उच्चार विचारू लागले. एवढ्या मोठ्या न्यायाधीशाने न्हाव्यापुढे विद्यार्थी व्हावे, याचे रमाबाईंना हसू आले आणि त्यांनी थट्टाही केली. तेव्हा रानड्यांनी त्यांस दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंचे स्मरण करून दिले. पुढे रमाबाईही बंगाली शिकल्या आणि थोड्याच काळात त्या भाषेतील वर्तमानपत्र वाचू लागल्या. शिकण्यास कमीपणा मानणारा माणूस बोलण्यात कधी मोठा होत नाही, हे या लहानशा प्रसंगावरून दिसून येते.

16 जानेवारी 1901 रोजी रानडे निवर्तले. रमाबाईंचे वय त्या वेळी जवळजवळ एकोणचाळीस वर्षांचे होते. आजवर त्या जे वाचीत, बोलत, लिहीत, त्यामागे पतीचा हात होता. आता तो हात नाहीसा झाल्यावर ती वाणीही मुकी होणार, अशीच कोणाची अपेक्षा असती. त्या काळच्या विधवेसाठी समाजाने घरातला एक अंधारा कोपरा आणि जपमाळ एवढेच राखून ठेवले होते. काही काळ त्या खरोखरच लोकांपासून दूर राहिल्या. पण उसनी आणलेली विद्या धन्याबरोबर जाते आणि नित्य अभ्यासाने मिळविलेली विद्या आपली होऊन राहते. रमाबाईंची विद्या दुसऱ्या प्रकारची होती.

त्या बाहेर पडल्या त्या थेट कामासाठी. 1904 साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. 1908 साली मुंबईत सेवासदन स्थापन झाले, त्याच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. 1909 साली त्यांनी भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुण्यात सेवासदन काढले. ज्या घरात त्यांना वाचनाबद्दल बोलणी खावी लागली होती, त्याच रानड्यांच्या वाड्यात आता विधवा व परित्यक्ता बायका लिहावयास, शिवावयास आणि पुढे रुग्णसेवा करावयास शिकू लागल्या. त्यांना घराबाहेर पाठवावे म्हणून रमाबाईंना घरोघर जाऊन वडीलधाऱ्यांची मने वळवावी लागली. तेथे मोठ्या वक्तृत्वाचा काही उपयोग नव्हता. पुढच्या माणसाचे पूर्ण ऐकून घेणे, त्याचे भय ओळखणे आणि मग दोनच शब्द बोलणे, हेच तेथे उपयोगी पडले. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांनाही त्या जाऊन भेटत. मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी झालेल्या चळवळींतही त्या अग्रभागी होत्या.

1910 साली त्यांचे आत्मचरित्रपर पुस्तक, आमच्या आयुष्यातील काही आठवणी, प्रसिद्ध झाले. सरळ, घरगुती आणि कोठेही आव न आणणारी अशी त्याची मराठी आहे. बोलण्याचा अभ्यास केलेल्या माणसाचे लिहिणेही कसे नितळ होते, याचे ते पुस्तक उत्तम उदाहरण आहे. 1924 साली रमाबाईंचे देहावसान झाले. त्यांच्या जन्मशताब्दीस, 1962 साली, भारत सरकारने त्यांच्या नावे टपालाचे तिकीट काढले.

रमाबाईंना कोणा एका ज्ञातीच्या मानून त्यांचा गौरव करावा, असा आमचा हेतू नाही. ज्ञातीचा खरा गौरव गतकाळातील थोरांची नावे मोजण्याने होत नसतो. त्यांना ज्यांनी छळले ती माणसेही कोणत्यातरी ज्ञातीचीच होती आणि आपल्या रीतीभातींच्या अभिमानानेच त्यांनी ते केले, हे स्मरणिकेच्या पानावर प्रांजळपणे लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो.

या चरित्रातून आपण घेण्यासारखे आहे ते फार साधे आहे. घरात रोज कोणीतरी पावघटका मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. वाचणारी सून असेल तर सासूने ऐकावे. सासूला वाचता येत नसेल तर सुनेने शिकवावे. अडलेला शब्द विचारण्यास लहानथोर पाहू नये. रागाच्या भरात उत्तर देण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी. मुलामुलींना पाहुण्यांसमोर दोन वाक्ये बोलू द्यावीत आणि चुकली तर हसू नये. यास पैसा लागत नाही, वेळही थोडाच लागतो. लागते ते सातत्य.

आणि आमच्या मंडळापुरती एक विनंती. पुढील वर्षीच्या मेळाव्यात वार्षिक अहवाल एखाद्या तरुण भगिनीने वाचावा आणि त्यावर मागच्या रांगांतून प्रश्न विचारले जावेत. वाचताना तिचा आवाज कापला तर कापू द्यावा. हिराबागेत उभ्या राहिलेल्या त्या तरुण स्त्रीमागे पाटीवर अक्षरे गिरविण्याच्या कितीतरी रात्री होत्या, एवढे आपण ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. ज्या जिल्ह्यातील एका गावाने पाण्याचा हिशेब सर्वांसमक्ष बोलून मांडावयास शिकविले, त्या जिल्ह्यातील कुटुंबांना आपल्या घरातील निम्मी माणसे मुकी ठेवणे शोभणारे नाही.