वासुदेव बळवंत फडके

वासुदेव बळवंत फडके (४ नोव्हेंबर १८४५ – १७ फेब्रुवारी १८८३) हे ब्रिटिश राजवटीविरुद्ध सशस्त्र बंड उभारणारे महाराष्ट्रातील क्रांतिकारक होते. सरकारने त्यांना दरोडेखोर ठरवले. मराठी माणूस त्यांना आद्यक्रांतिकारक म्हणून ओळखतो.

सुरुवातीचे जीवन

फडके यांचा जन्म पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे झाला. त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. आई आजारी असताना रजा वेळेवर मिळाली नाही व तिची अखेरची भेट हुकली. लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे त्यांनी शस्त्रविद्येचे धडे घेतले. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासमवेत त्यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शिक्षणसंस्था स्थापन केली. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली.

बंड आणि दरोडे

१८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमधील रयतेची झालेली दैना फडके यांनी पाहिली. सुशिक्षितांकडून बंडाला साथ मिळेना, तेव्हा ते रामोशी, कोळी व धनगर समाजांकडे वळले. फौज उभारायची तर पैसा हवा होता. त्या काळी खेड्यात सावकाराचे घर हीच पेढी असे. रोकड, दागिने आणि शेतकऱ्यांची कर्जखते तेथेच असत. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारी गावावर पहिला दरोडा पडला. मात्र त्यातून व नंतरच्या दरोड्यांतून मिळालेला पैसा फौजेला पुरणारा नव्हता.

खरी अडचण पैशापेक्षा खोल होती. फडके लुटीकडे युद्धाचे भांडवल म्हणून पाहत. अनेक साथीदारांना ती पोटाची सोय वाटे, आणि दुष्काळाने खंगलेल्या माणसांना त्याचा दोष देणे कठीण आहे. खचलेले फडके श्रीशैल मल्लिकार्जुन येथे गेले. तेथे त्यांनी आत्मवृत्त लिहिले आणि पुढे रोहिल्यांची भरती करण्याचा प्रयत्न केला.

मे १८७९ मध्ये त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी कोकणात पळस्पे व चिखली येथे मोठी लूट मिळवली. परंतु परतीच्या वाटेवर मेजर डॅनियल याच्या तुकडीने त्यांना गाठले व चकमकीत नाईक मारले गेले. बंडाचा कणाच मोडला. सरकारने फडके यांच्यावर इनाम लावले, तेव्हा त्यांनी उलट मुंबईच्या गव्हर्नरच्या शिरासाठी इनाम जाहीर केले.

अटक आणि मृत्यू

२० जुलै १८७९ रोजी कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी येथे तापाने फणफणलेले फडके झोपेत असताना पकडले गेले. पुण्यातील खटल्यात गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. स्वतः फडके यांनी लिहिलेला मजकूरच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरला. जन्मठेपेची शिक्षा देऊन त्यांना एडनला पाठवण्यात आले. तेथील कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले, पण लवकरच पुन्हा पकडले गेले. एडनमध्येच त्यांचे निधन झाले.

भारतीय टपाल खात्याने १९८४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २००७ मध्ये गजेंद्र अहिरे दिग्दर्शित मराठी चित्रपट त्यांच्या जीवनावर आला.