कार्ल हागेनबेक

जर्मनींतील हँबर्ग बंदरीं ता. १० जून १८४४ रोजीं कार्ल हागेनबेक यांचा जन्म झाला. वडील मासळीचे व्यापारी होते. १८४८ सालीं कोळ्यांच्या जाळ्यांत कांहीं सील सांपडले. वडिलांनीं ते लांकडी हौदांत ठेवून पैसे घेऊन लोकांस दाखविले. यांतूनच पुढें प्राण्यांचा व्यापार वाढला व १८६६ सालीं तो कार्ल यांच्या हातीं आला. आफ्रिकेंतून आणलेले हत्ती, सिंह व जिराफ ते सर्कशींस आणि प्राणिसंग्रहालयांस विकीत.

त्या काळीं वन्य पशूंस चाबूक व तापलेल्या सळया यांच्या धाकानें खेळ शिकवीत. हागेनबेक यांस ही रीत पसंत पडली नाहीं. प्रत्येक प्राण्याचा स्वभाव ओळखून धीरानें, मायेनें व खाऊ देऊन शिकवावें, असा पायंडा त्यांनीं पाडला. १९०७ सालीं स्टेलिंगेन येथें त्यांनीं नवी प्राणिबाग उघडली. तींत गजांऐवजीं खंदक होते. पुढें अनेक देशांनीं तिचें अनुकरण केलें.

हें त्यांचें श्रेय आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. परंतु नाण्यास दुसरी बाजूही आहे. पिलें धरतां यावीं म्हणून शिकारी त्यांच्या आयांस ठार मारीत. १९०१ सालीं मंगोलियांतून त्यांच्यासाठीं धरून आणलेल्या रानघोड्यांच्या शिंगरांपैकीं पुष्कळ वाटेंतच मेलीं. इतकेंच नव्हे, तर हागेनबेक यांनीं दूरदेशींचीं माणसेंही तमाशासारखीं मांडलीं. १८८० सालीं लॅब्रॅडॉरहून आणलेल्या आठ इनुइट लोकांस देवी टोंचण्याचें राहून गेलें, आणि १८८१ च्या जानेवारीअखेर त्यांतील एकही जिवंत उरला नाहीं. जिवास एकदां प्रेक्षणीय माल मानलें, कीं पशु कोठें संपतो व मनुष्य कोठें सुरू होतो, हेंही ध्यानांत राहत नाहीं.

ता. १४ एप्रिल १९१३ रोजीं हागेनबेक वारले. आपल्या देशांत १९९८ सालीं सरकारनें वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल व माकड यांच्या खेळांस बंदी केली, व २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली.

विद्यार्थिमित्रहो, हागेनबेक यांनीं चाबूक खालीं ठेवला, हें थोर काम होय. परंतु आपल्या घटकाभर करमणुकीसाठीं दुसऱ्या जिवास जन्मभर बंदींत ठेवावें काय, हा प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारला नाहीं. तो विचारण्याचें काम त्यांनीं आपणांवर ठेविलें आहे, असें आम्हांस वाटतें.