जेरी लॉसन : टीव्ही गेमला कॅसेट देणारा अभियंता



आपल्यापैकी जे नव्वदच्या दशकात शाळेत होते, त्यांना टीव्ही गेमची ती पिवळी कॅसेट नक्की आठवत असेल. गेम चालू झाला नाही की कॅसेट काढायची, खालून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. कॅसेट बदलली की गेम बदलला, यंत्र मात्र तेच! ही गोष्ट आता इतकी साधी वाटते, की ती कुणीतरी पहिल्यांदा घडवली असेल असं मनातही येत नाही. ज्या अभियंत्याच्या देखरेखीखाली ती घडली, त्यांचं नाव जेरी लॉसन. त्यांचं यंत्र फार वर्षं चाललं नाही, पण त्याने प्रतिस्पर्धी कंपनीला ज्या वाटेवर घाईने आणलं, त्याच वाटेने पुढे हा सगळा उद्योग गेला.

आई, वडील आणि पहिलीच्या बाई

जेराल्ड अँडरसन लॉसन यांचा जन्म १ डिसेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात झाला. बालपण गेलं क्वीन्समधल्या सरकारी वसाहतीत. वडील गोदीत मालाची चढ-उतार करायचे. पण त्यांना विज्ञानाची पुस्तकं वाचण्याची फार आवड होती. आजोबा भौतिकशास्त्र शिकलेले, पण तेव्हाच्या अमेरिकेत काळ्या माणसाला त्या विषयात काम मिळणं अवघड, म्हणून टपाल खात्यात नोकरी केलेली. घरात बुद्धी होती, संधी नव्हती.

आई महापालिकेत नोकरी करायची. मुलाला कुठल्या शाळेत घालायचं हे तिने नुसत्या पत्त्यावरून ठरवलं नाही. ती स्वतः शाळांमध्ये गेली, शिक्षकांशी बोलली, तिथे कसं शिकवतात ते पाहिलं आणि मग शाळा निवडली. शाळेत बहुतेक मुलं गोरी होती, तरी पालक-शिक्षक संघाची अध्यक्ष म्हणून ही काळी बाई काम करत होती.

पहिलीच्या वर्गात जेरीच्या बाकाजवळ भिंतीवर एक चित्र होतं. ते होतं जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं. आपल्याकडे वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे हे नाव घराघरात माहीत आहे. गुलामीत जन्मलेला मुलगा मोठा कृषिशास्त्रज्ञ झाला, ती गोष्ट. बाईंनी त्या चित्राकडे बोट दाखवून जेरीला सांगितलं, की तूही असा होऊ शकतोस. बस्स, एवढंच. पण लॉसन ते आयुष्यभर विसरले नाहीत. उतारवयातल्या मुलाखतीतही त्यांनी त्या बाईंची आठवण काढली.

खटपट्या मुलगा

जेरीला विजेच्या उपकरणांचं वेड लागलं. तेराव्या वर्षी परीक्षा देऊन त्याने हौशी रेडिओचा परवाना मिळवला आणि सुटे भाग जमवून राहत्या घरात स्वतःचं रेडिओ केंद्र थाटलं. वॉकी-टॉकी बनवून विकल्या. किशोरवयात लोकांच्या घरी जाऊन टीव्ही दुरुस्त करून पैसे कमावले. पुढे क्वीन्स कॉलेज आणि सिटी कॉलेजमध्ये शिकला, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. हातातलं कौशल्य आणि सतत वाचन हीच त्याची पदवी.

काही कंपन्यांमध्ये काम केल्यावर १९७० मध्ये लॉसन फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या कॅलिफोर्नियातल्या चिप बनवणाऱ्या कंपनीत लागले. तिथे काळे अभियंते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. घरच्या गॅरेजमध्ये त्यांनी कंपनीचीच एफ-८ ही चिप वापरून नाणं टाकून खेळायचा गाड्यांच्या टकरीचा एक गेम बनवला. कंपनीला ते कळलं. ओरडा बसायच्या ऐवजी व्हिडिओ गेमचं कामच त्यांच्याकडे आलं.

याच काळातली एक गंमत. नोकरीसाठी आलेल्या स्टीव्ह वॉझ्नियाक या तरुणाची मुलाखत लॉसन यांनी घेतली आणि त्याला घेतलं नाही. त्याच तरुणाने पुढे ॲपल कंपनीची पायाभरणी केली. माणसांची पारख भल्याभल्यांची चुकते, तेव्हा एका परीक्षेवरून मुलांबद्दल मत बनवताना आपणही जरा थांबावं!

चॅनेल एफ

त्या आधीच्या घरगुती यंत्रांमध्ये गेम आतल्या जोडणीतच पक्के बसवलेले असायचे. ते खेळून कंटाळा आला की यंत्र माळ्यावर. गेमचा प्रोग्रॅम वेगळ्या चिपवर ठेवायचा आणि ती चिप बदलायची, ही मूळ कल्पना अल्पेक्स नावाच्या छोट्या कंपनीतल्या वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांची. फेअरचाइल्डने तिचे हक्क घेतले. म्हणजे कॅसेट एकट्या लॉसन यांनी शोधली असं म्हणणं बरोबर नाही, मुलांना सांगताना हे जरूर सांगावं. पण प्रयोगशाळेतला नमुना वेगळा आणि घरातल्या पोरांनी हजार वेळा काढ-घाल केली तरी टिकणारी वस्तू वेगळी. ही दुसरी वस्तू लॉसन यांच्या गटाने बनवली. निक टेल्सफोर यांनी बाहेरची रचना आणि रॉन स्मिथ यांनी यांत्रिक भाग सांभाळला.

अडचणी कमी नव्हत्या. कॅसेट खोचताना स्थिर विजेने चिप जळता कामा नये, पिना झिजता कामा नयेत. शिवाय यंत्रातून निघणाऱ्या लहरींमुळे शेजाऱ्यांच्या टीव्हीत व्यत्यय येऊ नये म्हणून सरकारी नियम फार कडक. त्यासाठी आतला भाग धातूच्या आवरणात बंद करावा लागला.

नोव्हेंबर १९७६ मध्ये हे यंत्र सुमारे १७० डॉलरला बाजारात आलं. कॅसेट वीस डॉलरची, रंग पिवळा! गेम मध्येच थांबवून ठेवायचं बटणही त्यात होतं. दोन खेळाडू नसतील तर काही गेममध्ये यंत्राविरुद्ध खेळता यायचं.

प्रतिस्पर्धी पुढे गेला

अटारी कंपनीतही अशाच यंत्राचं काम सुरू होतं. फेअरचाइल्डने बाजी मारल्यावर त्यांची घाई वाढली. पैसा उभा करण्यासाठी १९७६ मध्ये अटारी २ कोटी ८० लाख डॉलरना वॉर्नर कम्युनिकेशन्सला विकली गेली आणि सप्टेंबर १९७७ मध्ये त्यांचं यंत्र आलं. हेच पुढे अटारी २६०० म्हणून गाजलं. फेअरचाइल्डमध्ये काम केलेल्या एका अभियंत्यानेच अटारीच्या कॅसेटच्या रचनेवर काम केलं. दोन्ही यंत्रांच्या नावांत गोंधळ होऊ लागला, तेव्हा फेअरचाइल्डने आपलं नाव बदलून चॅनेल एफ केलं.

अटारीकडे गाजलेले गेम होते. फेअरचाइल्डचं लक्ष मात्र चिप आणि घड्याळांच्या धंद्यातही वाटलं गेलेलं. १९७९ मध्ये फेअरचाइल्डने हा धंदा दुसऱ्या कंपनीला विकून टाकला. विक्री काही लाखांवरच थांबली, तर अटारीची पुढे तीन कोटींच्या घरात गेली. निन्टेन्डो, सेगा यांनीही कॅसेटचाच मार्ग धरला, आणि त्यातूनच आपल्या घरातली ती पिवळी कॅसेट आली.

१९८० मध्ये लॉसन यांनी व्हिडिओसॉफ्ट नावाची स्वतःची कंपनी काढली आणि गेम बनवायला घेतले, तेही अटारीच्याच यंत्रासाठी! १९८३ च्या सुमारास अमेरिकेत गेमचा बाजार कोसळला आणि ती कंपनीही बंद झाली.

उशिरा आलेली ओळख

पुढची कितीतरी वर्षं त्यांचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. मधुमेहामुळे एक पाय निकामी झाला, एका डोळ्याची दृष्टी गेली. मार्च २०११ मध्ये गेम निर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांचा जाहीर सन्मान केला. पुढच्याच महिन्यात, ९ एप्रिलला, ते गेले. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या जयंतीला गुगलने खास डूडल केलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

वर्गात हे चरित्र सांगून झाल्यावर मुलांना एक प्रश्न विचारून पाहा : जे यंत्र बंद पडलं, ते अयशस्वी म्हणायचं का? उत्तरं ऐकण्यासारखी येतात. आणि आपण मोठ्यांनी त्या पहिलीच्या बाई लक्षात ठेवाव्यात. भिंतीवर एक चित्र, सहा वर्षांच्या पोराला एक वाक्य. खर्च काहीच नाही. आपल्या वर्गाच्या भिंतीवर कुणाचं चित्र आहे आणि ते बघून कुठल्या मुलाला ते आपलं वाटेल, हे उद्या शाळेत गेल्यावर एकदा पाहू या.