कैरोत जन्मलेली डोरोथी आणि इन्सुलिनची ३५ वर्षे

रमजान आला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो : इन्सुलिन घेणाऱ्या अम्मींनी रोजा ठेवावा का, डोस कसा बदलावा? उत्तर डॉक्टरांनीच द्यायचं. पण फ्रिजच्या दारातल्या त्या छोट्या शिशीमागे एका बाईचं अख्खं आयुष्य गेलंय, ते आज सांगतो.

डोरोथी हॉजकिन यांचा जन्म १२ मे १९१० चा, कैरोचा. वडील इजिप्तच्या आणि पुढे सुदानच्या शिक्षण खात्यात. आई तिथल्या बायकांच्या सूतकताई-विणकामाची अभ्यासक. डोरोथी शिकली मात्र इंग्लंडमध्ये. तिथल्या शाळेत रसायनशास्त्र मुलांसाठीच, मुलींना नाही. डोरोथी आणि आणखी एका मुलीला खास परवानगी घेऊन त्या वर्गात बसावं लागलं. (आपल्याकडे मुलीला सायन्स कशाला, असं अजूनही कुणी विचारतंच!) सुट्टीत खार्तुमला आई-वडिलांकडे गेली असता एका रसायनतज्ज्ञाने तिला माती-खडे तपासायचं साहित्य दिलं. तिथून नाद लागला तो सुटला नाही.

१९३४ साली केंब्रिजमध्ये प्रा. बर्नाल यांच्यासोबत तिने पेप्सिन या प्रोटीनच्या स्फटिकाचा क्ष-किरण फोटो मिळवला. स्फटिक वाळला की फोटो बिघडायचा. तो ओलाच ठेवायचा, ही युक्ती कामी आली. त्याच वर्षी हातांचे सांधे सुजू लागले. संधिवात. तो जन्मभर राहिला, बोटं वाकडी झाली.

ऑक्सफर्डला परतल्यावर तिच्या हाती इन्सुलिनचे अवघे १० मिलिग्रॅम स्फटिक आले. पहिला फोटो उमटला तेव्हा आनंदाच्या भरात ती रात्री रस्त्यावर भटकत राहिली म्हणतात. पण फोटो म्हणजे नुसते ठिपके. त्यांच्या जागा आणि गडदपणा मोजून अणू कुठे बसलेत ते हिशोबाने काढायचं. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं, आणि तेव्हा कॉम्प्युटर कुठला! म्हणून इन्सुलिन बाजूला राहिलं. मधल्या काळात पेनिसिलिन आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रचना तिने उलगडली, तीन मुलंही वाढवली. १९६४ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा त्या घानात होत्या. पती थॉमस तिथे आफ्रिकेचा इतिहास शिकवत. याच थॉमसनी १९३६ साली पॅलेस्टाईनमधली इंग्रज सरकारची नोकरी सोडली होती, अरबांवरची दडपशाही पटली नाही म्हणून. आम्हाला हे जोडपं त्यामुळेही जवळचं वाटतं.

इन्सुलिनचा उलगडा १९६९ साली झाला. त्या चमूत आपले एम. विजयन होते, जे पुढे बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नावारूपाला आले. दिसलं असं की सहा रेणू जस्ताभोवती गोळा होऊन बसतात. शरीरात ते सुटे झाल्यावरच काम सुरू होतं. हे कळल्यामुळेच पुढे लवकर सुटणारी, म्हणजे जेवणाच्या वेळी घ्यायची इन्सुलिनं मुद्दाम घडवता आली.

शांततेच्या चळवळीतही त्या होत्या. त्यापायी १९५३ मध्ये अमेरिकेने व्हिसा नाकारला. १९९३ साली डॉक्टरांचं न ऐकता, व्हीलचेअरवर बसून त्या बीजिंगच्या स्फटिकशास्त्र परिषदेला गेल्या. २९ जुलै १९९४ रोजी त्यांचं निधन झालं.