गायकी बापाची, आडनाव आईचं

मैत्रिणींनो, शिरूर-दौंडकडे बचत गटाच्या कामाला गेलं की अशी एखादी तरी बाई भेटतेच, जिचा नवरा आहे पण घरात नाही. मुलांना मात्र शाळेत, लग्नकार्यात हमखास विचारतात, वडील काय करतात म्हणून. मला तेव्हा हिराबाई बडोदेकर आठवतात.

हिराबाईंचा जन्म १९०५ चा, मिरजेचा. लहानपणचं नाव चंपाकली. वडील किराणा घराण्याचे नामवंत गायक अब्दुल करीम खाँ, आई बडोद्याच्या ताराबाई माने. घरच्यांना न जुमानता दोघांनी संसार मांडला, पण १९२० च्या सुमारास तो मोडला. ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावंच बदलून टाकली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई. धाकटी सकिना म्हणजे पुढच्या सरस्वती राणे. आपल्याकडे बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव लावायचा सरकारी निर्णय २०२४ मध्ये झाला. ताराबाईंनी तर शंभर वर्षांपूर्वी आडनावच आपलं दिलं!

नाव बदललं, पण गळ्याचं काय? हिराबाई शिकल्या त्या अब्दुल वहीद खाँ आणि थोरले भाऊ सुरेशबाबू यांच्याकडे. दोघंही किराणा घराण्याचेच. म्हणजे बाप घरात नाही, पण एकेक सूर निवांत लावायची त्याची रीत घरातच. शिवाय खाँसाहेबांच्या रेकॉर्डी निघत होत्या, वाजत होत्या. शेजारच्या फोनोवर बापाचा आवाज कानावर पडला तर लेकीला काय वाटत असेल हो? मला तर नुसत्या विचाराने गलबलतं.

पुढे ताराबाईंनी मुलींना घेऊन नूतन संगीत नाटक मंडळी काढली. पुरुषांनी लुगडं नेसून नायिका व्हायचं, असा तो काळ. इथे नायिका खरोखरच्या बायका! कंपनी फार काळ टिकली नाही. हिराबाईंनी मात्र तिकीट लावून जाहीर मैफिली केल्या. हातवारे नाहीत, नखरा नाही, नुसतं गाणं. बाईचं गाणं घरंदाज लोक चारचौघांत ऐकू लागले. सरस्वतीबाई तर १९४३ च्या 'रामराज्य' सिनेमात गायल्या, त्यांचा आवाज घराघरांत गेला.

खाँसाहेब १९३७ मध्ये मद्रासहून पुढे प्रवासात असताना एका छोट्या स्टेशनच्या फलाटावर गेले. दौंडसारख्या जंक्शनच्या गावात वावरताना ते उगीच मनात येतं. त्यांची कबर मिरजेत आहे, लेकीच्या जन्मगावी.

 १९७० मध्ये हिराबाईंना पद्मभूषण मिळालं, १९८९ मध्ये त्या गेल्या. सुरेशबाबू १९५३ मध्येच गेले होते. शेवटपर्यंत त्यांनी माने हेच आडनाव लावलं.