लुई पाश्चर : संकटापूर्वीच्या तयारीचा धडा

मोठी शस्त्रक्रिया ठरली की घरातील मंडळी तारीख, खर्च आणि रक्तदाते यांच्या चिंतेत गढून जातात. प्रार्थनेची विनंती घेऊन ती आमच्याकडेही येतात. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी एखादी लस घेणे आवश्यक आहे काय, हा प्रश्न क्वचितच कुणाला सुचतो. सुरक्षित शस्त्रक्रिया आणि लसीकरण या दोहोंच्या पायाभरणीत ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या लुई पाश्चर यांच्या जीवनाचा परिचय म्हणूनच आम्ही येथे करून देत आहोत.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. लुई यांचे बालपण अर्बुआ येथे गेले. १८३१ साली त्या परिसरात एका पिसाळलेल्या लांडग्याने अनेकांना चावे घेतले. लोहाराकडील तापलेल्या लोखंडाने जखमा डागणे, एवढाच त्या काळी उपाय होता.

पुढे ते रसायनशास्त्रज्ञ झाले. वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. आंबण्याच्या क्रियेचा अभ्यास करीत असताना, तिच्यामागे सूक्ष्म जीव असतात हे त्यांनी दाखवून दिले. १८४९ साली त्यांचा विवाह मारी लोराँ यांच्याशी झाला. त्यांच्या पाच अपत्यांपैकी तीन मुली १८५९, १८६५ आणि १८६६ या वर्षी लहानपणीच दगावल्या. त्यांतील दोघींचा मृत्यू विषमज्वराने झाला. १८६८ मध्ये पाश्चर यांना स्वतःला पक्षाघात झाला व शरीराची डावी बाजू दुर्बळ झाली. तरीही त्यांनी संशोधन सोडले नाही.

त्या काळी शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी जखम चिघळून रुग्ण दगावत असे. पाश्चर यांच्या संशोधनापासून प्रेरणा घेऊन इंग्रज शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८६५ पासून जखमांवर कार्बोलिक आम्लाचा वापर सुरू केला. १८७८ साली पाश्चर यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे शल्यविशारदांनाच सावध केले. हात, हत्यारे, पट्ट्या व पाणी यांतूनच जंतू जखमेत शिरतात. म्हणून हात स्वच्छ धुवावेत आणि साहित्य उष्णतेने निर्जंतुक करावे, असा त्यांचा आग्रह होता. जंतू शरीरात शिरल्यावर धावपळ करण्यापेक्षा त्यांना आधीच अडविणे, हे त्यांचे सूत्र होते.

लसीच्या कार्यातही तेच सूत्र दिसते. मे १८८१ मध्ये पुयी-ल-फोर येथे त्यांनी २४ मेंढ्यांना काळपुळीची लस दोनदा टोचली आणि ३१ मे रोजी त्यांच्या शरीरात जहाल जंतू सोडले. लस दिलेल्या मेंढ्या वाचल्या. न दिलेल्या मेल्या. ही लस सहकाऱ्याच्या रासायनिक पद्धतीने तयार केली होती आणि ही गोष्ट पाश्चर यांनी उघड केली नव्हती, असे त्यांच्या टिपणवह्यांवरून पुढे इतिहासकारांना आढळले. थोरांच्या चरित्रातील अशी उणीवही झाकू नये, असे आम्हांस वाटते.

६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास त्याच्या आईने पाश्चर यांच्याकडे आणले. चाव्यास दोनच दिवस झाले होते. पाश्चर डॉक्टर नसल्याने डॉ. ग्राँशे यांनी लस टोचली. तेरा टोचण्यांनंतर मुलगा सुखरूप राहिला. रेबीजची लक्षणे दिसण्यास बहुधा काही आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत लस शरीराची तयारी करून घेते.

त्याच वर्षी लुईझ पेलेतिए या दहा वर्षांच्या मुलीस मात्र चाव्यानंतर ३७ दिवसांनी आणण्यात आले. फार उशीर झाला होता, हे पाश्चर जाणून होते. अपयश आल्यास नव्या उपचाराची बदनामी होईल, हेही त्यांना कळत होते. तरी आईवडिलांची याचना त्यांना नाकारवली नाही. मुलगी वाचली नाही. लस तीच होती. हाती वेळ उरला नव्हता.

१८८८ साली पॅरिस येथे पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे काम केलेल्या वाल्डेमर हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पाश्चर यांचे २८ सप्टेंबर १८९५ रोजी निधन झाले. त्यांचा अंत्यविधी नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये झाला.

वाचकहो, या जीवनातून आम्ही एक व्यावहारिक बोध घ्यावा. प्लीहा म्हणजे पाणथरी काढण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आदी जंतूंविरुद्धच्या लसी शक्यतो किमान दोन आठवडे आधी दिल्या जातात. कारण प्लीहा गेल्यावर या जंतूंशी लढण्याची शक्ती घटते. अवयव-प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात व जिवंत जंतूंच्या लसी सहसा देता येत नाहीत. म्हणून त्यांचाही विचार आधीच करावा लागतो. प्रत्येक शस्त्रक्रियेस लस लागतेच असे नाही. तातडीची शस्त्रक्रिया लसीसाठी लांबवूही नये. मात्र तारीख ठरविताना डॉक्टरांना हा प्रश्न अवश्य विचारावा. प्रार्थना तर करावीच. पण हाती असलेला वेळ दवडू नये.