कॅप्टन मुल्ला यांचे महावीरचक्र

महावीरचक्र हे पदक चांदीचे व वाटोळे असते. त्यावर पाच टोकांचा तारा कोरलेला असून ते अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या नारिंगी फितीला लावलेले असते. युद्धातील पराक्रमाबद्दल मिळणाऱ्या पदकांत परमवीरचक्राच्या खालोखाल त्याचा मान आहे. शत्रूवर मात करणाऱ्या वीराला असे पदक मिळावे, यात नवल ते काय? परंतु कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांना ते मिळाले, ते त्यांची स्वतःची नौका बुडाली त्या रात्रीच्या वर्तनाबद्दल.

मुल्ला यांचा जन्म १५ मे १९२६ रोजी गोरखपूर येथे झाला. १९४८ मध्ये ते भारतीय नौदलात अधिकारी झाले. मुंबईस नौदलाचे एक ठाणे आहे. त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिलेले आहे. तेथेही मुल्ला यांनी काम केले. पुढे ‘खुक्री’ या युद्धनौकेचे ते कप्तान झाले. पाण्याखाली दडलेल्या पाणबुड्या हुडकून त्यांचा नाश करणे, हे या नौकेचे मुख्य काम होते.

डिसेंबर १९७१ मध्ये भारत व पाकिस्तान यांच्यात युद्ध पेटले. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ शत्रूची पाणबुडी वावरत असल्याचा सुगावा लागताच तिच्या शोधार्थ ‘खुक्री’ व ‘कृपाण’ या नौका मुंबईहून निघाल्या. ९ डिसेंबरच्या रात्री, नऊ वाजण्याच्या सुमारास, दीवजवळच्या समुद्रात त्या पाणबुडीनेच त्यांना प्रथम गाठले. तिचे नाव ‘हंगोर’. तिने ‘कृपाण’वर सोडलेला पाणतीर वाया गेला, पण ‘खुक्री’वर सोडलेल्या पाणतीराने नेमका वेध घेतला. प्रचंड स्फोट झाला. नौकेवर अंधार पसरला. अवघ्या काही मिनिटांत ती बुडणार, हे उघड होते.

मुल्ला यांनी सर्वांना नौका सोडण्याची आज्ञा दिली. ते स्वतः जखमी झाले होते. तरी एकेकाला धीर देऊन ते समुद्रात उतरवू लागले. आपले जीवरक्षक जाकीटही त्यांनी एका नाविकाला देऊन टाकले. त्यांनाही उडी घेता आली असती. पण खालच्या मजल्यांवर त्यांची कितीतरी माणसे अजून अडकलेली होती. पाण्यात तरंगणाऱ्या सोबत्यांनी त्यांना अखेरचे पाहिले, ते बुडत्या नौकेवरच.

त्या रात्री १८ अधिकारी व १७६ नाविक मृत्युमुखी पडले. वाचलेल्यांना दुसऱ्या दिवशी भारतीय नौकांनी पाण्यातून उचलून घेतले. मुल्ला यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

दीव येथे समुद्रकाठच्या एका टेकाडावर ‘खुक्री’चे स्मारक आहे. तेथे काचेच्या पेटीत तिची एक लहान प्रतिकृती ठेवलेली असून समोर तोच समुद्र पसरलेला दिसतो.